माझे पाय, तिचा नवस

मी बरा होऊन मोर्शीला परत आलो तेव्हा भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोनत्या देवाले बोलले होते?" डॉक्टर कोण होते हे चहा अर्धा झाल्यावर विचारायचे, तेही आठवलं तर. म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांचे हातपाय असे एकाएकी गेले आणि जे खाटेवर पडून छताकडे बघत असतील, त्यांना एवढंच सांगायचं आहे की माणूस यातून उठतो. मी उठलो. पण उठल्यावर घरात एक दुसरं दुखणं सुरू होतं आणि त्याबद्दल कोणी आधी सांगून ठेवत नाही. ते मी सांगतो.

मी मोटार रिवाइंडिंग करतो. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. वामन मिस्त्री म्हणतात मला. मागून नास्तिक मिस्त्री म्हणतात, आणि आमच्याकडे मागून काय अन् पुढून काय, सारखंच. संशय घेणं हा माझा धंदा आहे. मोटार जळाली की शेतकरी सांगतो, लाइन कमीजास्त झाली. उघडली की दिसतं, पाणी नसताना चालवली होती. त्या दुष्काळाच्या वर्षांत तर सगळ्यांच्याच मोटारी कोरड्या चालत होत्या. मोर्शी-वरूडकडच्या संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या, पाणी खाली खाली चाललं होतं आणि भली शिकलेली माणसं तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणाऱ्याच्या मागे शेतभर हिंडत होती. नारळ उभा राहिला तिथं खोदायचं. पाणी लागलं तर पाणाड्या खरा. नाही लागलं तर मालकाच्या घरात काहीतरी विटाळ झाला असेल. मी म्हणायचो, असा धंदा मलाही लावून द्या, मोटार चालली तर माझं कसब आणि जळली तर तुमचं पाप. लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळवाल्यालाच बोलवायचे.

देव नाही, हे माझं मत काही मोठं दुःख होऊन झालेलं नाही. लहानपणापासून जे विचारलं त्याचं उत्तर कोणी दिलं नाही, 'असं विचारू नये' एवढंच सांगितलं. ज्या दुकानात माल दाखवत नाहीत आणि वर ग्राहकालाच दटावतात, त्या दुकानातून मी काही घेत नाही. माझी बायको वत्सला मात्र सगळं मानते. तिच्या स्वयंपाकघरात फळीभर देव आहेत. आमच्यात लग्नापासून एक करार होता. तिच्यासमोर मी तिच्या देवांची थट्टा करायची नाही आणि तिनं मला प्रसाद द्यायचा नाही. शिरा म्हणून द्यायचा. शिरा मी दोनदा घेत असे.

पाय गेले

सुरुवात बोटांपासून झाली. तार भरताना तार हाताला लागेना. बोटांना मुंग्या, जिभेला चव नाही. मला वाटलं वॉर्निशचा वास चढला. दुसऱ्या सकाळी दुकानाच्या ओट्यावर पाय ठेवला आणि पाय माझा नव्हताच. मी तिथंच बसकण मारली. शेजारी शब्बीरभाईचं लेथचं दुकान आहे, आमचा वीस-बावीस वर्षांचा शेजार. तो धावत आला. "क्या मिस्त्री, सबेरे सबेरे?" त्यानं मला उचलून आपल्या गाडीत घातलं, वत्सलाला सोबत घेतलं आणि अमरावती गाठली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. त्यांचा चेहरा बदलला तो मी पाहिला. ते म्हणाले, जीबीएस आहे. शरीर आपल्याच नसांवर उठतं. मी म्हटलं, सोप्या भाषेत सांगा. माझा धंदा विचारून ते म्हणाले, "तारेवरचं इन्सुलेशन जातं ना, तसं. तार शाबूत आहे. पुन्हा वरचं आवरण येईल, वेळ लागेल. पण खालून वर चढत येतं. छातीपर्यंत आलं तर श्वास मशीनवर घ्यावा लागेल."

"कावून झालं पण?"

"कधी साध्या हगवणीनंतर होतं, कधी सर्दीनंतर. बरेचदा कारण सापडत नाही."

हे मला सगळ्यात जड गेलं. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की कारणाशिवाय काही जळत नाही. आणि माझ्यापुढे शिकलेला माणूस बसून सांगतोय की कारण सापडत नाही. मला तो प्रामाणिक वाटला, पण भरवसा वाटला नाही. मी विचारलं, तुम्ही नक्की ह्याच विषयाचे डॉक्टर आहात ना? वत्सलानं माझ्या खांद्याला चिमटा काढला. खांद्याला तेव्हा अजून कळत होतं.

कारण बाहेर व्हरांड्यात तयार होतं. वत्सलाचा धाकटा भाऊ पुंडलिक तिथं बसलेला. त्याची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. उन्हाळ्याच्या आधी त्याच्या जुन्या विहिरीवर मी नवी मोटार बसवली होती. विहिरीच्या काठावर आसरांचे सात दगड होते, शेंदूर फासलेले. पाण्याच्या देवी म्हणून आमच्याकडे विहिरीवर असतात. मोटारीच्या चौथऱ्याला तीच जागा पाहिजे होती, तर मी ते दगड उचलून बांधावर ठेवले. ठेवता ठेवता त्यातल्या दोनेकांवर बुटाचा पाय पडला असेल. पुढे विहीर आटली. त्या साली शिवारातल्या सगळ्याच आटल्या, पण पुंडलिकला आपली तेवढी दिसली.

"भाऊजी, पाय देल्ला न त्याइच्यावर तुमी," तो म्हणाला. "पायच नेले मायनं. आता सांगा."

"विहीर मी आटवली आणि पाय तिनं नेले. हिशेब चांगला बसवला तू," मी म्हटलं. माझा संशय असा होता आणि आजही आहे की विहिरीचा आळ कोणावर तरी टाकायचा होता, आणि मी आयताच आडवा पडलो. पण वत्सलानं भावाला खोटं पाडलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

अकोला

आमची मुलगी मिनी अकोल्याला दिलेली आहे. अमरावतीत मशीनची खाट रिकामी नव्हती, म्हणून तिनं अकोल्याच्या दवाखान्यात सोय लावली. तिथं पोचेस्तोवर हात गेले होते. दोन-चार दिवसांत छाती गेली. घशात नळी घातली, बोलणं बंद. डोळे तेवढे माझे राहिले.

यात पडलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक सांगतो. नळी पडली की डोळ्यांची भाषा लगेच ठरवून घ्या. एकदा मिटले तर हो, दोनदा तर नाही. हे वत्सलानं ठरवलं, कोणी शिकवलं नाही. नाक खाजवू का? हो. पंखा? नाही. मिनीले बोलावू? हो. माणसाला त्या खाटेवर मरणापेक्षा नाकावरची माशी जास्त छळते. हे हसण्यासारखं वाटेल, पण तिथं पडून बघा.

तिथं एके दिवशी भेटीच्या वेळेत पुंडलिक आत आला. खिशातून पुडी काढली आणि माझ्या कपाळाला अंगारा लावला. माझे हात चादरीवर पडलेले. पन्नाशी उलटलेला माणूस, जन्मभर कपाळ कोरं ठेवलेला, आणि ते पुसायला एक बोट उचलता येत नाही. राग एवढा आला की मशीन वाजायला लागलं. मग तो वाकून म्हणाला, "भाऊजी, माय आसराची माफी मांगता न? हो म्हना. डोये मिटा फकत."

मी डोळे उघडे ठेवले. सताड. मिटले असते तर तो बाहेर जाऊन दवंडी पिटणार होता. डोळ्यांची आग व्हायला लागली, पंख्याचा वारा थेट बुबुळांवर, पण मी मिटले नाहीत. शेवटी दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुंडलिकनं ते पाहिलं, हात जोडले आणि बाहेर जाऊन सांगितलं, "भाऊजीले पस्तावा झाला. ढसाढसा रडले."

नंतर ड्यूटीवरच्या सिस्टरनं स्पिरिटच्या बोळ्यानं माझं कपाळ पुसलं. "इथं असलं चालत नाही," एवढंच बोलली. तिच्या गळ्यात लहानसा क्रूस होता, म्हणून मी तिच्यावरही संशय घेतला की हिला दुसऱ्याचा देव नको असेल. पण मग तिनं त्याच हातानं नाकही खाजवलं, न विचारता. तिला काहीही मानू दे.

आता तो प्रश्न, जो देव मानणारे लोक मला हळूच, कोपऱ्यात घेऊन विचारतात: खरं सांगा मिस्त्री, तेव्हा तरी देव आठवला की नाही? लोकांना फार आशा असते. नास्तिकाला मरताना देव आठवावा यासाठी ते उशाशी टपून बसलेले असतात. तर ऐका. मी भ्यालो. खूप भ्यालो, लहान पोरासारखा. श्वास मशीन घेतंय आणि वीज गेली तर काय, एवढाच विचार तासन् तास. वीज जाते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? त्या भीतीत मी स्वतःच्या मनावर पाळत ठेवून होतो की आता हे कोणाला हाक मारतं बघू. हाक आईला गेली, तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ती येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मारली आणि बरं वाटलं. म्हणून देवाला हाक मारणाऱ्याला मी हसत नाही. हाक मारल्यानं बरं वाटतं. कोणी ऐकलं म्हणूनच वाटतं, असं मात्र नाही.

बाजूची खाट

नळी निघाल्यावर मला बाहेरच्या खोलीत आणलं. बाजूच्या खाटेवर एक पोरगा होता, पंचविशीचा. फवारणीचं औषध प्यायलेला. त्या वर्षांत असे पेशंट आले की दवाखान्यात कोणी काही विचारत नसे. कारण कोणालाही सांगावं लागत नव्हतं. त्याची माय खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची. हातात कसली तरी पुडी, ओठ सारखे हलत. स्वतःच्या पोराला लावून उरलेला अंगारा ती माझ्या खाटेच्या दांडीला लावायची. कपाळाला नाही, दांडीला. वत्सलानं तिला माझं सांगून ठेवलं असावं.

पोरगा सुधारला. उठून बसायला लागला, मला मोटारवाले काका म्हणायला लागला. एका सकाळी विचारतो, "काका, पानी नसन तं मोटार आपोआप बंद पडाले पाहिजे, असं काई करता येते काय?" म्हटलं, येतं, एक यंत्र येतं तसं, बरा हो, बसवून देतो. माय आमच्याकडे बघून पदरानं डोळे पुसत हसली. म्हणाली, "देवीनं दिला मले परत."

त्याच आठवड्यात दुपारी त्याचा श्वास अडकला. डॉक्टर धावले, पडदा ओढला. त्या औषधाचं असंच असतं म्हणे, बरा वाटतो आणि मग धरतं. पडदा बाजूला झाला तेव्हा सगळं संपलं होतं.

मी वाट बघत होतो की आता ती माय त्या देवीला शिव्या घालेल. मी तिच्या बाजूनं होतो. ती भिंतीला टेकून बसली आणि वत्सलाचा हात धरून म्हणाली, "माहाच नवस उनापुरा पडला, बाई. कोंबडीचा बोलली होती. बोकडाचा बोलाले पाहिजे होता."

ती माय मला अजून सोडत नाही. पोरगा वाचला तर देवीनं दिला, गेला तर मायचा नवस कमी पडला. छापा पडला तर देवाचा, काटा पडला तर आपला गुन्हा. पाणाड्याच्या नारळावर मी जन्मभर हसलो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मनात मी ठरवून टाकलं की माझ्या पायांत पुन्हा जीव आला तर त्याचं श्रेय मी कुठल्याही दगडाला घेऊ देणार नाही. कारण ज्यानं मला उठवलं असं म्हणायचं, त्यानंच त्या पोराला निजवलं असंही म्हणावं लागेल. आणि मग दोष त्या मायच्या पदरात पडतो. ते मी होऊ देणार नव्हतो.

माझे डॉक्टर भले माणूस. सुटी देताना म्हणाले, "आम्ही आमचं केलं, बाकी वरच्याच्या हातात होतं." मी म्हटलं, मग बाहेर पाटीवर त्याचं नाव का नाही? ते हसले. मी हसलो नाही.

तिचे पाय

घरी आल्यावर चालायला शिकलो. खाटेला धरून, मग वॉकर, मग शब्बीरभाईचा खांदा. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं घास तोंडात गेला तेव्हा मी रडलो, आणि ते खरं रडणं होतं. ज्यांचं चालू आहे त्यांना सांगतो, व्यायामाला कंटाळू नका, सुधारणा रोज दिसत नाही.

चालताना नजर खाली ठेवावी लागते. त्यामुळे मला वत्सलाचे पाय दिसले. दवाखान्यात ती अनवाणी असायची तेव्हा वाटायचं, आत चप्पल नेऊ देत नाहीत. आता ती अंगणात अनवाणी, भाजी आणायला अनवाणी, आणि उन्हाळा असा की दुपारी फरशीवर पाय ठरत नव्हता. विचारलं तर म्हणाली, चप्पल तुटली. नवी आणली तर म्हणाली, चावते. माझा संशय जागा झाला. मिनी आली होती, तिला धरलं.

"आईनं नवस बोललाय बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मशीनवर होता तेव्हा. तुम्ही आपल्या पायानं आसरांच्या विहिरीवर जाऊन रोडगे ठेवाल तोवर ती चप्पल घालणार नाही."

रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. आमच्याकडे नवस फेडायचा तर देवाच्या जागी रोडगे करतात, सोबत वांग्याची भाजी, वरण, आणि गणगोत जेवू घालतात. ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला रोडगा देवापुढे ठेवायचा.

माझं डोकं फिरलं. वत्सलाला साखरेचा आजार आहे, जुना. अशा बाईनं अनवाणी फिरायचं नसतं हे तिलाही डॉक्टरांनी पढवलेलं. मी म्हटलं, "हा नवस आहे की माझ्या मानेवर सुरी? पुंडलिकनं शिकवला ना?"

"मले कोनी शिकोत नाई," ती म्हणाली. "तुमी तिथं मरून राह्यले होते. मले जे देता येत होतं ते देल्लं."

"मी रडलो असं त्यानं सांगितलं असेल. ते रडणं नव्हतं."

"मले ठाव हाय. तुमी रडता तवा नाक लाल होते."

मी तिला बाजूच्या खाटेवरच्या पोराचं, त्याच्या मायचं, मनात ठरवलेलं सगळं सांगितलं. म्हटलं, मी रोडगा ठेवला तर त्या मायचा नवस कमी पडला हे मी कबूल केलं असं होईल. तिनं ऐकून घेतलं आणि उठून फळीवरच्या देवांना दिवा लावायला गेली. मला वाटलं, भिंतीशी बोललो.

पुढच्या काही दिवसांत तिच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. साखरेच्या माणसाला दुखत नाही, तिला कळलंच नाही. पायाला वास यायला लागला तेव्हा मिनीनं जबरदस्तीनं अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, बोट वाचेल की नाही सांगता येत नाही, आणि पुन्हा अनवाणी चाललात तर पाऊल जाईल. मिनीनं परत येऊन माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"बाबा, तुमचं तत्त्व मोठं आहे. आईचा पाय त्याहून लहान आहे का तेवढं सांगा."

शब्बीरभाईकडे गेलो. त्याला म्हटलं, तू सांग. तो लेथ बंद करून म्हणाला, "मिस्त्री, मय दिवसातून पाच टाइम झुकतो. तुमाले एक टाइम झुकाले काय होऊन राह्यलं?"

"तू मानून झुकतो. मी न मानता झुकलो तर ते काय झालं?"

"झूट झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा लेथ सुरू केली. त्यानं खोटा दिलासा दिला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

शेवटी मी हात टेकले. वत्सलाला म्हटलं, चल, येतो. डोकं टेकवतो, रोडगा ठेवतो, उठतो. काय जातं माझं? तू चप्पल घाल.

मला वाटलं ती खूश होईल. ती पायाची पट्टी बदलत होती, मान वर न करता म्हणाली, "नाटक कराले येनार असान तं येऊ नका. मी शब्द खरा देल्ला. तुमी खोटा फेडसान तं थो फिटला कसा? माह्यानं चप्पल घालवनार नाई."

"मग मी करू तरी काय, बाई? मानता येत नाही, आणि न मानता येऊ नको म्हणतेस."

"तिथं जाऊन खरं काय थे बोला. जे मनात असन थे."

"जे मनात आहे ते बोललो तर तुझा भाऊ मला विहिरीत ढकलेल."

"पानी नाई तिच्यात," ती म्हणाली.

विहिरीवर

पुंडलिकनं सगळं थाटात मांडलं होतं. मोटार काढून टाकलेली, सात दगड पुन्हा काठावर, ताजा शेंदूर. गोवऱ्यांचा आर फुललेला, रोडगे भाजून तयार, बाया वांगी परतत होत्या. भोवती बागेतली निम्मी झाडं तोडून नुसते बुंधे राहिलेले. मी बैलगाडीच्या वाटेवर उतरलो आणि काठी टेकत बांधावरून विहिरीपर्यंत एकट्यानं चालत गेलो. तेवढं मला करायचंच होतं. मागून वत्सला येत होती, पट्टी बांधलेल्या पायानं, मिनीचा हात धरून. मिनीच्या दुसऱ्या हातात चप्पल होती.

रोडगा मी दगडांपुढे ठेवला. पुंडलिक बाजूला उभा राहून म्हणाला, "हात जोडा भाऊजी. म्हना, माय, चुकलं माहं."

मी हात जोडले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो आणि त्या सात दगडांकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"हा रोडगा माह्या बायकोनं देल्लेल्या शब्दाचा हाय. तिचा शब्द म्हनून ठेवला. आता माहं ऐका. अकोल्याले माह्या बाजूले एक पोरगं होतं. त्याच्या मायनं बी तुमच्यासारखीलेच बोललं होतं. माह्या बायकोपेक्षा ती कमी रडली नाई. मंग मले उठोलं आन त्याले कावून नाई उठोलं? सांगता येत असन तं सांगा. सांगता येत नसन तं माहे पाय तुमी देल्ले असं कोनाले म्हनू देऊ नका."

पुंडलिक पुटपुटला, "उलटून पडन हे. बाई, तू तरी सांग यायले. माफी माग म्हना."

मी वत्सलाकडे बघितलं आणि खरं सांगतो, मशीनवर भ्यालो नसेन इतका भ्यालो. तिचा नवस मी चारचौघांत मोडला, असं तिच्या तोंडावर दिसलं असतं तर माझे हे पाय मला नकोसे झाले असते.

ती पुढे आली. दगडांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"माफी कायची?" ती भावाला म्हणाली. "मी बी हेच इचारून राह्यली तिले. अकोल्याहून आल्यापासून, रोज दिवा लावताना."

जगातल्या एकूण एक माणसावर मी संशय घेतला. डॉक्टरवर, सिस्टरवर, मेहुण्यावर, स्वतःच्या मनावरही. रोज सकाळी माझ्याकडे पाठ करून फळीपुढे उभी राहणारी माझी बायको तिथं आभार मानत असेल, यावर मात्र मी आंधळा विश्वास ठेवला होता.

मिनीनं चप्पल खाली ठेवली. वत्सलानं आधी बरा पाय घातला, मग माझ्या खांद्याला धरून पट्टीचा. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि माझ्या पायांनी ते पेललं. मी तिच्या कानाशी विचारलं, "मंग? काय म्हनते?"

"काई म्हनली असती," ती म्हणाली, "तं रोज रोज इचारलं असतं काय?"